नंतरच्या फोटोतली कौलं

"हिची आई आमच्या मळ्यात निंदायला यायची. आता ही आपल्याला केळी शिकवणार."

नानांनी हे ग्रुपवर लिहिलं, माझ्या नावासकट. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. मी नर्सरीच्या शेडमध्ये रोपांचे ट्रे मोजत होते. साडेनऊपर्यंत त्याखाली एकशे अठरा हसरे चेहरे आले. तेही मोजले. त्यात एकतीस जण असे होते, ज्यांना मी स्वतः निवडून रोपं दिली होती. त्यांची नावं वहीत उतरवली.

एकाने लिहिलं, "मॅडम, आधी खुरपं दाखवा, मग ज्ञान द्या."

दुसऱ्याने लिहिलं, "कोट्यातलं ज्ञान आहे. जपून वापरा."

ग्रुप केळी उत्पादकांचा. नाना त्याचे ॲडमिन. आमच्याच गावचे, सर्वांत मोठे बागायतदार. आमचं घर गावाबाहेरच्या वस्तीत. मी कृषी पदविका केली, जळगावात मेहरूणला राहायला आले, टिश्यू कल्चरच्या नर्सरीत बावीस वर्षं काढली. रोपांची सगळी देखरेख माझ्याकडे.

माझा गुन्हा चार ओळींचा. नानांनी दोन फोटो टाकले होते. 'आधी' आणि 'नंतर'. आधीच्या फोटोत केळीची पानं पिवळ्या पट्ट्यांची, म्हणजे हरण्या रोग. नंतरच्या फोटोत तोच मळा हिरवागार. मध्ये फक्त एकवीस दिवस आणि त्यांच्या पुतण्याच्या दुकानातलं औषध. मी खाली लिहिलं: हरण्यावर औषध नाही. फवारणीने रोग पसरवणारा मावा मरतो, झाडातला रोग जात नाही. रोगट झाड मुळासकट उपटून लांब नेऊन पुरा. थांबलात तर शेजारचीही जातील.

एवढंच. त्यावर आईचं तण निंदणं निघालं. रोगाबद्दल कोणी एक शब्द लिहिला नाही.

दुपारी नर्सरीच्या साहेबांनी बोलावलं. "बाई, नानांच्या शब्दावर तालुक्यातलं निम्मं बुकिंग येतं. माफी मागा आणि मोकळ्या व्हा."

मी लिहायला घेतलं. तेवढ्यात नानांचाच फोन आला. "लिहून नको. व्हिडिओ टाक. तोंड दिसू दे. आणि हात जोडलेले दिसू देत."

ट्रेसमोर उभी राहिले. साहेबांनी स्वतः मोबाइल धरला. पहिल्यांदा म्हणाले, आवाज पडलाय. दुसऱ्यांदा म्हणाले, हात नीट दिसत नाहीत. तिसऱ्या वेळी जमलं. मी म्हणाले, "नानांची मी माफी मागते. माझी माहिती अपुरी होती. हे औषध चांगलं आहे."

शेवटचं वाक्य माझं नव्हतं. साहेबांनी कागदावर लिहून दिलं होतं. पण तोंड माझं होतं.

पाच आठवड्यांनी दोंडाईच्याकडून प्रमोदचा फोन आला. माझ्याकडूनच रोपं नेलेला शेतकरी. एकतीस नावांतला नववा.

"ताई, बाग गेली."

"किती झाडं?"

"सगळी. सुरुवातीला चाळीसेक झाडांवर पट्टे होते. फवारत बसलो."

"उपटायला सांगितलं होतं मी."

"नंतर तुम्हीच म्हणाल्या ना, औषध चांगलं आहे म्हणून. व्हिडिओ आहे माझ्याकडे. पाठवू का?"

त्याने पाठवला. नानांनी माफीचा भाग कापून टाकला होता. राहिलं होतं एकच वाक्य आणि जोडलेले हात. खाली ओळ होती: नर्सरीतल्या अनुभवी ताई काय म्हणतात, ऐका. बावीस वर्षं सांभाळलेली माझी ओळख आता त्यांच्या बाटलीवर चिकटवली होती.

प्रमोद मला हसला होता, आणि विश्वासही माझ्यावरच ठेवला होता. मला त्याची दया आली नाही. स्वतःचीही आली नाही. मी वही घेतली आणि नानांच्या जुन्या पोस्ट तारीखवार उतरवायला बसले. काही मजकूर ते मागाहून बदलत, शंका विचारणारे उडवत. म्हणून प्रत्येक पोस्टचा स्क्रीनशॉट काढत गेले.

आई आता माझ्याकडेच असते. शेजारी बसून मोबाइलमध्ये बघत होती. तिला वाचता येत नाही. तिने त्या दोन फोटोंवर बोट ठेवलं. दोन्हींत कोपऱ्यात नानांचं पंपघर दिसत होतं.

"हाऊ पत्रा नवा शे," ती म्हणाली. "पहिले कवेलू व्हतात."

मी फोटो मोठा केला. आधीच्या फोटोत पत्रा. नंतरच्या फोटोत कौलं.

कौलं वादळात पडली त्याला चार वर्षं झाली. एक आईच्या उजव्या मनगटावर पडलं. हाड वाकडं जुळलं. त्या दिवसापासून तिचं निंदणं सुटलं. बघायला कोणी आलं नाही. पंपघरावर पत्रा मात्र आठवड्यात चढला. म्हणजे 'नंतर'चा हिरवा मळा निदान चार वर्षांपूर्वीचा होता. हरण्या यायच्या आधीचा.

"तठेच माले वरथीन पानी वतेत," आई म्हणाली. वरून ओतलेलं पाणी प्यायला धरायची, तशी ओंजळ धरून दाखवली. वाकड्या मनगटामुळे ती ओंजळ आता पूर्ण जुळत नाही.

मी त्याच दुपारी ग्रुपवर लिहिलं. दोन्ही फोटो जोडले, छपरांभोवती लाल गोल केले. पहिलं वाक्य स्वतःबद्दल: माझा व्हिडिओ खोटा होता. नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोलले, आणि ते ऐकून एका माणसाची बाग गेली. मग नानांना: तुमचंच म्हणणं, माझी आई तुमच्या मळ्यात निंदायला यायची. बरोबर. म्हणून तिला छप्पर माहीत आहे.

अकरा मिनिटं पोस्ट राहिली. मग मला ग्रुपमधून काढलं. त्या एकतीस जणांना मी तीच पोस्ट एकेक करून पाठवली. प्रमोदचं उत्तर आलं: "आता काय उपयोग. नांगर फिरवला." बाकीच्यांपैकी दोघांनी मला ब्लॉक केलं. एकाने विचारलं, उपटलेली झाडं किती खोल पुरायची. त्याला उत्तर दिलं.

साहेब म्हणाले, "नवीन व्हिडिओ करा. पोस्ट रागात लिहिली म्हणा."

"नाही करणार."

"बाई, विचार करा."

"केला."

शेडच्या किल्ल्या, पाण्याच्या पाळ्या, कोणत्या ट्रेला कधी खत दिलं, सगळं एका कागदावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं. पोच म्हणून सही मागितली. त्यांनी केली.

आता माझ्याकडे नोकरी नाही. वही आहे. दर सोमवारी सकाळी ती घेऊन बसते. जो कोणी कुठेही रोग बरा केल्याचा दावा टाकेल, त्याला तीन प्रश्न: मळा कोणता, तारीख कोणती, समोर कोण होतं. उत्तर आलं नाही तर तसं त्याच्या नावासमोर लिहिते आणि ज्यांची बाग धोक्यात आहे त्यांना कळवते. प्रमोदला फसवणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं आहे. नानांचं दुसरं. पहिलं नाव मी खोडणार नाही. दुसरं कोणाला खोडू देणार नाही.