भावींची पांढरी गाडी

मुलांनो, आमची इमारत पाडून नवी बांधायची ठरली आहे, म्हणून गच्ची आवरायला काढली. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्हाला पाण्याच्या टाकीवरचा फ्लेक्स दिसला आणि तुम्ही विचारलंत, "आजी, आजोबा निवडणुकीला उभे होते का?" नव्हते. फ्लेक्स टाकून देण्याआधी खरं काय ते लिहून ठेवते.

तुमचे आजोबा राजकीय कादंबऱ्या लिहायचे. संत तुकाराम नगरातल्या याच घरात, कंपनीतून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर. त्यांचे नियम मोजके आणि गैरसोयीचे होते. पुढाऱ्याच्या घरचा चहा घ्यायचा नाही. खलनायकाला मूर्ख दाखवायचं नाही. छापलेला शब्द कुणाच्या सांगण्यावरून बदलायचा नाही. आणि ज्याला टोचायला हवं तोच वाचून खूश झाला, तर कादंबरी फसली असं समजायचं.

त्यांच्या शेवटच्या कादंबरीचा नायक 'भावी नगरसेवक' होता. तुमच्याकडे हा प्राणी नसेल. इथे चौकाचौकात त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स असतात, निवडणूक असो वा नसो. कादंबरीतला भावी गायरान गिळतो, सख्ख्या भावाची सही स्वतःच ठोकतो आणि पांढऱ्या गाडीतून फिरतो.

पुस्तक आलं आणि चऱ्होलीचे एक खरेखुरे भावी शाल-श्रीफळ घेऊन आमच्या दारात हजर. आजोबांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

"सर, आमच्यावर पुस्तक लिवलं, लई उपकार झाले."

"तुमच्यावर नाही लिहिलं."

"तसं म्हणावंच लागतं, आमाला कळतंय. फकस्त एक चूक हाय. आमची गाडी काळी हाय."

"आणि गायरान?"

"ते ऱ्हाऊ द्या. गाडी तेवढी काळी करा."

आजोबांनी आपला नियम सांगितला. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. लेखकाला धमकी येते हे वाचलं होतं, शाल येते हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला: 'ज्यांच्या जीवनावर कादंबरी निघाली, असे आपले लाडके भावी नगरसेवक.' कोपऱ्यात आजोबा, निवृत्तीच्या समारंभातल्या फोटोत, हात जोडलेले. त्यांचं जेवणावरून मन उडालं. "माणूस खूश आहे गं," ते सारखं म्हणत, "म्हणजे मी फसलो."

थोड्याच दिवसांनी खाली हॉर्न वाजला. भावींनी काळी गाडी विकून पांढरी घेतली होती.

"पुस्तक न्हाई बदलत, मंग आमीच बदललो, सर."

"शेवटपर्यंत वाचलंत?" आजोबांनी विचारलं.

"निम्मं झालंय. येतो ना निवडून?"

आजोबांनी आतून प्रत आणून शेवटचं पान उघडून हातात दिलं. भावी जिन्यातच ओठ हलवत वाचू लागले. त्या पानावर नायक मरतो, आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरही त्याच्या नावाआधी 'भावी' असतं.

वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं.

"सर, गाडी असू द्या पांढरी. हा एक शब्द तेवढा काढा."

"नाही जमणार."

मी चहा टाकला होता. तो न घेताच ते गेले. त्या दिवशी आजोबांनी भात दोनदा मागून घेतला. चौकातला फ्लेक्स संध्याकाळीच उतरला आणि आमच्या वॉचमनने तो टाकी झाकायला उचलून आणला.

आता आजोबा नाहीत. फ्लेक्सवर हात जोडलेले तेच तेवढे दिसतात, भावींचा चेहरा उन्हाने गेला आहे. पुस्तकाची पुढे आणखी एक आवृत्ती निघाली. तिच्या शेवटच्या पानावर तो शब्द आहे.