श्रावणभाऊंच्या धामणाच्या कमानी

श्रावणभाऊ मिस्त्री लाकूड चाखून बघायचे. रंध्याने पातळ ढलपी काढायची, दाढेखाली धरून दोनदा चावायची आणि मग बहुधा थुंकायची. "थू! हे लाकूड होय? हा भिजला पाव हाये!" लाकूड आणणारा समोर उभा असला तरी त्यांना पर्वा नसे. चामोर्शीच्या आसपासच्या आमच्या गावांत बैलगाड्या, नांगर, दारं-खिडक्या सगळं त्यांच्या हातचं. पण त्यांच्याकडे जायचं तर अपमानाची तयारी ठेवूनच जावं लागे. लाकूड चांगलं निघालं तर ते काहीच बोलत नसत. तीच शाबासकी.

रंगवलेल्या लाकडाची तर त्यांना शिसारी होती. "ज्याले लपवाचं असते, तो रंग लावते," म्हणायचे.

ऐंशी सालानंतर कधीतरी आमच्या घरी ट्रॅक्टर आला. मी गावच्या शाळेत मास्तर. शेती धाकटा भाऊ बघायचा. आमची बौद्ध वस्ती दर ऑक्टोबरात चंद्रपूरला दीक्षाभूमीवर जाई. त्या वर्षी मी सगळ्यांना सांगून बसलो, आपल्या ट्रॉलीतून जाऊ. म्हातारी माणसं, लेकरंबाळं असणार म्हणून ट्रॉलीवर लाकडी कमानी उभारून ताडपत्री ताणायची होती.

श्रावणभाऊंनी एकच लाकूड सांगितलं. "धामण. कुऱ्हाडीचा दांडा काऊन धामणाचा असते? वाकते, पण तुटत नाई. ओली धामण शेकाची अन अखंड वाकवाची. सागवान दिसाले राजा, पण कमानीत कडकन मोडते."

वनखात्याच्या परवानगीची धामण यायला पंधरा-वीस दिवस लागणार होते आणि निघायला आठच उरले होते. मी तसं म्हणताच ते उठून उभे राहिले. "मंग यंदा नोका नेऊ टाली. डोक्यावरचं काम हाये मास्तर, घाईचं नाई."

त्याच आठवड्यात ते माजरीला लेकीकडे गेले. जावई तिथल्या कोळसा खाणीत होता. इकडे मी एका लाकूडवाल्याकडून तयार कमानी उचलून आणल्या. तुकडे जोडून खिळे मारलेल्या, वरून कच्चा लाल रंग दिलेल्या, चकचकीत. आत सावर होती, काडेपेटीच्या लायकीचं लाकूड. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मी नख लावून पाहिलं होतं. ते रुतलं, तसं मी बोट मागे घेतलं.

निघायच्या सकाळी श्रावणभाऊंच्या बायको जनाबाई पांढरं लुगडं नेसून आल्या. ट्रॉलीत पाय ठेवता ठेवता थांबल्या. "मास्तर, धामणाच्याच व्हय ना? यायनं सांगतलं होतं, धामण नसन तं बसू नोको."

सगळी वस्ती ऐकत होती. "धामणच हाये बाई, वरून रंग देल्ला," मी म्हणालो.

त्या निर्धास्त चढल्या आणि मधल्या कमानीखाली बसल्या.

वाटेतलं मूल गाव सोडलं आणि पावसाने गाठलं. ताडपत्रीत पाणी साचून ती पोटासारखी खाली लोंबली. कुणी काठीने वर ढकलायला उठणार, तेवढ्यात मधली कमान गेली आणि तिच्या ओढीने बाकीच्याही. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं. जनाबाईंचा उजवा हात मनगटात मोडला. लाल रंगाचं पाणी त्यांच्या लुगड्यावर ओघळलं होतं. मोडलेल्या लाकडात पीठच पीठ होतं, आणि त्या पिठात जाड, पांढऱ्या, मऊ अळ्या वळवळत होत्या. एक जनाबाईंच्या खांद्यावर चढली होती. ती मी चिमटीत धरून काढली. किळस आली ती अळीची नव्हे, माझी मलाच.

श्रावणभाऊ माजरीहून परतले ते थेट आमच्या अंगणात. मोडक्या कमानींचा ढीग पडला होता.

"लाकूडवाल्यानं फसवलं, भाऊ," मी घाईघाईने म्हणालो.

त्यांनी एक तुकडा उचलला, अंगठ्याचं नख दाबलं. खोल खूण उमटली. ती त्यांनी माझ्यासमोर धरली.

"नख तं तुमाले बी हाये, मास्तर."

महिन्याभराने धामण आली आणि निरोप न धाडताच ते कामाला आले. पाच दिवस आमच्याच अंगणात जाळ करून त्यांनी कमानी शेकल्या, वाकवल्या, बसवल्या. पाणी घरून लोट्यात आणायचे. एकदा मी चहा पुढे केला, तर कपाकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, की जणू त्यात ती अळी पडली होती. "नोको. तुमच्या घरचं घशाखाली उतरत नाई. कमानी वस्तीसाठी करून राह्यलो." मरेपर्यंत त्यांनी आमच्या घरचा घोट घेतला नाही.

पुढच्या ऑक्टोबरात ट्रॉली पुन्हा भरली. श्रावणभाऊंनी भोवती फिरून प्रत्येक कमान हाताने ओढून पाहिली, जनाबाईंना हात देऊन आत बसवलं, आणि स्वतः खालीच थांबले.

"बसा ना भाऊ," मी म्हणालो. "तुमच्याच हातच्या कमानी हायेत. भरोसा नाई का?"

"कमानीवर पूरा भरोसा हाये," ते म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावून एसटीच्या थांब्याकडे चालू लागले.