तिसऱ्या पिस्तुलाचा आवाज

“ऐकलंस? तिसरंच आहे,” काकू म्हणाल्या.

ऐकलं होतं. बंद सेफच्या आतून, खट्. सेफजवळ कोणीही नव्हतं.

आवाजापाठोपाठ त्यांचा मुलगा निखिल ऑफिसातून आला, गॅरेजच्या दारानं. त्यानंच मला बोलावलं होतं. मी इथे अमेरिकेत, कॅरी गावात गनस्मिथ आहे, म्हणजे पिस्तुलं दुरुस्त करतो. नागपूरहून इंजिनिअर होऊन आलो आणि या धंद्यात पडलो, त्यामुळे इथली मराठी मंडळी मला जरा जपूनच जेवायला बोलावतात.

निखिलचे वडील उन्हाळ्यात गेले. त्यांची पिस्तुलं विकायची होती आणि आईला मेमरीच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. “आईला रोज बाबा ऐकू येतात, यार,” तो फोनवर म्हणाला होता. “मी तर एकदाही ऐकलं नाही.”

सेफमध्ये चार पिस्तुलं होती. शंभर वर्षांपूर्वीचं एकच डिझाइन, पण बनवणारे वेगळे: अमेरिकन, ब्राझिलियन, फिलिपिनो, तुर्की. काकांना तुलनेचा भारी नाद. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढायचे आणि कुठलं ते काकूंनी स्वयंपाकघरातून ओळखायचं. काकू कधी चुकत नसत.

मी सेफ उघडून बघितलं. तिन्हींचे हॅमर वर चढलेले होते. हॅमर म्हणजे मागचा खटका, तो आपटला की गोळी सुटते. तिसऱ्याचा मात्र पडला होता.

“हे चढवतं कोण?”

“मीच. हे रोज सकाळी स्लाइड ओढून आत गोळी नाही ना बघायचे, पुसून ठेवायचे. तसंच करते.”

स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, तो ओढला की हॅमर चढतो. पण मग हा पडला कसा? मी तो परत चढवला आणि अंगठ्यानं जरासा दाबला. चापाला हातही न लावता, खट्. चाप हलका व्हावा म्हणून काकांनी हॅमर अडतो ती आतली खाच कानशीनं घासून ठेवली होती. आता हॅमर जेमतेम टेकत होता. निखिल रिमोटनं गॅरेजचं दार उघडायचा, सेफमागची भिंत थरथरायची आणि तो सुटायचा. त्या वेळी निखिल गाडीत असायचा, म्हणून त्याला कधी ऐकू आलं नाही.

“म्हणजे आई नीट आहे?” निखिलनं विचारलं.

“ठणठणीत.”

काकूंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, “लवकर दुरुस्त कर. उद्या खंडेनवमी. गोळ्या भरून पाटावर मांडायचीत. रिकामं शस्त्र पुजू नये, असं ह्यांचं होतं. नळ्या गॅरेजच्या भिंतीकडे करून ठेवते, माणसांकडे नाही.”

भिंत साध्या शीटरॉकची, म्हणजे प्लास्टरच्या पातळ फळ्यांची. गोळी तिला जुमानत नाही. पलीकडे गॅरेजात रोज निखिल गाडीतून उतरतो. मी आणि निखिल त्या भिंतीकडे बघत राहिलो.

गोळ्या आणि ते तिसरं पिस्तूल मी त्याच पावली घेऊन गेलो. पूजा झेंडूवर भागली आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट कॅन्सल झाली. पुढच्या आठवड्यात नवा पार्ट बसवून पिस्तूल परत नेऊन दिलं. संध्याकाळी निखिल आला, घर शांत होतं.

“आवाज तेवढा ठेवता नसता का आला?” काकूंनी हळूच विचारलं.

नाही म्हणालो. काम चोख झालं की गिऱ्हाईक खूश होतंच, असं नाही.