इसालेची एकतीस पानं

आनासिया मोशी शहरातून मारंगूला, डोंगरातल्या माहेरी परत आली त्याला चोवीस वर्षं झाली. येताना तिच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती आणि एक सुजलेला गाल. त्याच्या महिनाभर आधी थोरल्या भावाच्या, एलिफासच्या, आग्रहावरून ती नवऱ्याकडे इसालेचं पान घेऊन गेली होती. रीत अशी, की बागेच्या हद्दीवरच्या इसालेच्या झुडपाचं लांब हिरवं पान खुडायचं, त्याला गाठ मारायची आणि ज्याचा अपराध केला त्याला द्यायचं. मग तो कितीही भडकलेला असो, त्याला क्षमा करावीच लागते. आनासियाचा अपराध काय, तर मार खाताना ती ओरडली आणि शेजाऱ्यांना ऐकू गेलं. नवऱ्याने पान घेतलं, मोठ्या मनाने क्षमा केली आणि तीन आठवड्यांत पुन्हा हात उगारला. न केलेल्या अपराधाचं पान आपण पुन्हा खुडायचं नाही, हे तिने मारंगूच्या चढावर ट्रंक ओढतानाच ठरवून टाकलं.

त्या डिसेंबरात आईने अंगणात सायप्रसचं रोप लावलं. "केळीच्या बागेत लेकीला वाटा नसतो, ती तुझ्या भावाची," आई म्हणाली. "हे झाड मात्र तुझं." आई गेली, झाड वाढलं. दर नाताळला एलिफास बायकापोरांसह दार-एस-सलामहून यायचा आणि आनासिया पोरांना घेऊन झाड सजवायची. सोड्याच्या बाटल्यांची ठोकून चपटी केलेली बुचं, कापूस, फुगे, दुधाच्या पिशव्यांच्या चकचकीत पट्ट्या. धाकटा ओंबेनी चार वर्षांचा, त्याची फांदी ठरलेली. सगळं त्या एकाच फांदीवर, ती वाकली तरी चालेल.

यंदा एलिफास नवी गाडी घेऊन आला. केवढी, तर फाटकातून आत घेताना दोन्ही बाजूंची केळीची पानं फाटली. आल्या दिवशीच त्याने गवंड्यांना बोलावून अंगण पावलांनी मोजलं. "हे झाड काढू. इथे गाडीची शेड येईल."

"वर्षातले दहा दिवस येतोस," आनासिया म्हणाली. "दहा दिवस रस्त्यावर उभी राहिली तर गाडीला सर्दी नाही व्हायची."

गवंडी खो खो हसले. एलिफास चर्चच्या पंच मंडळातला माणूस, त्याला आजवर कोणी असं हसलं नव्हतं. "सगळ्यांसमोर इसाले घेऊन माझ्याकडे यायचं," तो म्हणाला. "नाही आलीस, तर तू या घरात राहायचं की नाही ते मी बघेन. आणि झाड चोवीस तारखेला जाणारच."

दोन दिवस शेजारणी तिच्या मागे लागल्या. एक पान गं, तुझं काय जातंय! आनासिया म्हणायची, "जात नसेल तर तुम्हीच द्या." तिला भीती नव्हती असं नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा ट्रंक उचलून जायचं कुठे? पण भीती वाटते म्हणून वाकायचं, हे तिने एकदा करून पाहिलं होतं.

चोवीस तारखेला सकाळी तिने बुचांचा डबा काढला. "तोडायचंय ना? मग सजलेलं तोडू देत," ती म्हणाली आणि स्टुलावर चढली.

खालून आठ वर्षांच्या मांकाने विचारलं, "आत्या, पान कोणी द्यायचं असतं?"

"ज्याने वाईट केलं त्याने."

"कोणाला?"

"ज्याचं वाईट केलं त्याला. तोंड चालूच आहे तर तो फुगा फुगव."

मग ती मटण-केळ्यांचा हंडा बघायला आत गेली. हंडा ढवळला, मीठ चाखलं, विस्तव सारखा केला आणि मटण शिजेपर्यंत तिथेच बसली. बाहेर आली तेव्हा पोरांकडची बुचं संपली होती आणि खालच्या सगळ्या फांद्यांवर इसालेची पानं लटकत होती. लांब, ओली, प्रत्येकाला गाठ. हद्दीवरचं झुडूप अर्धं बोडकं झालं होतं.

तेवढ्यात फाटकात हॉर्न वाजला. एलिफास उतरला, मागून करवतवाला म्हातारा शिरिमा. झाड पाहून एलिफास दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

"एक पुरे होतं गं! तू तर अख्खी हद्द सोलून आणलीस. चल, केली क्षमा!"

गप्प राहणं किती सोपं होतं. घर राहिलं असतं, ट्रंक पलंगाखाली राहिली असती.

"यातलं एकही माझं नाही," आनासिया म्हणाली.

"मग कोणाचं?"

"आम्ही बांधली," मांका पुढे झाली. "झाडाला. हे माझं. हे ओंबेनीचं, त्याला गाठ येत नाही म्हणून मीच मारली. बाकीची तुमची, बाबा. तुम्ही झाड तोडणार ना, म्हणून तुमच्या वतीने माफी मागून ठेवली."

"सगळी माझी?"

"एकोणतीस. एक पुरेल असं वाटलं नाही."

शिरिमाने करवत खाली ठेवली. "एलिफास, पान देऊन झालंय. झाड नाही म्हणालं असंही मी ऐकलं नाही. एका हाताने इसाले द्यायचं आणि दुसऱ्याने कापायचं, हे माझ्या करवतीकडून होणार नाही."

"अरे, पोरांचा खेळ आहे हा!"

"मग काढ की," शिरिमा म्हणाला. "तुझीच पानं आहेत."

एलिफासचा हात सर्वांत खालच्या पानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. हीच झुडपं त्याच्या बापाच्या थडग्याभोवतीही लावलेली होती. दिलेलं इसाले परत घेतलेला माणूस अख्ख्या मारंगूत कोणाला ठाऊक नव्हता, आणि पहिला व्हायची त्याची तयारी नव्हती. त्याने हात खिशात घातला.

"पोरांना हे कोणी शिकवलं?"

"मी," आनासिया म्हणाली. "आणि नीट शिकवलं." तिने एक चपटं बूच त्याच्यापुढे धरलं. "वरची फांदी राहिलीय. तुझा हात पोचेल."

त्याने बूच घेतलं नाही. तो घरात गेला, शिरिमा आपल्या वाटेने गेला. गाडी दहा दिवस रस्त्यावर उभी राहिली आणि तिला सर्दी झाली नाही.

नाताळच्या प्रार्थनेनंतर बायकांनी चर्चच्या पायऱ्यांवरच आनासियाला गाठलं. "दिलंस का गं शेवटी पान?"

"त्याचं देऊन झालं," आनासिया म्हणाली. "माझं अजून हद्दीवर वाढतंय."