कबड्डी आणि माझा पायगुण

लग्न लागलं आर्वीला आणि वऱ्हाड परतलं कोराडीला. वीज केंद्राच्या कर्मचारी वसाहतीत माझं सासर. नवी नवरी म्हणून माझी एवढीच अपेक्षा होती की गाडी थांबेल ती घरासमोर. ती बरीच अलीकडे, वसाहतीच्या मैदानाशी थांबली. तिथे गर्दी होती. माझे सासरे, म्हणजे आमच्याकडच्या रीतीने मामाजी, ड्रायव्हरला "एकच मिनिट थांब गा" म्हणत फेटा सावरत उतरले आणि गर्दीत शिरले. मला वाटलं, कुणाचं तरी काही बरंवाईट झालं. नवऱ्याला विचारलं, तर तो काचेबाहेर पाहत म्हणाला, "कबड्डी."

हा शब्द त्याने ज्या सुरात उच्चारला, त्या सुरात लोक इन्कम टॅक्स म्हणतात.

वसाहतीचा कबड्डी संघ तेव्हा सपाटून मार खात होता. कामठीचे हरवायचे, कळमन्याचे हरवायचे, आणि ज्यांना कुणालाच हरवता येत नव्हतं तेही येऊन यांना हरवून जायचे. त्या संध्याकाळीही तेच होणार, असं सगळे धरून चालले होते. मी शालूत घामाघूम होऊन, केसांत अक्षता घेऊन गाडीत बसून होते. मग एकदम आरडाओरडा झाला आणि मामाजी धावत आले. फेट्याचा शेमला गळ्यात आला होता. खिडकीतून डोकं आत घालून ते म्हणाले, "जिंकलो. सूनबाईचा पायगुण आहे."

माझा पाय अजून कोराडीच्या जमिनीला लागलाही नव्हता. श्रेय द्यायचंच होतं तर ते गाडीला द्यायला हवं होतं. पण नव्या नवरीने असं काही बोलायचं नसतं, म्हणून मी मान खाली घालून लाजले. ते लाजणं मला फार महागात पडलं.

हातावरची मेंदी उतरायच्या आत मामाजी एका संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले. "चाल बाई, टाइम होऊन राहिला." मला वाटलं, देवीच्या दर्शनाला नेताहेत. चांगली मोरपंखी साडी नेसून निघाले. त्यांनी मला मैदानावर नेलं, गुण लिहिणाऱ्याच्या टेबलाशेजारी, बरोबर मध्यरेषेसमोर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि म्हणाले, "इथंच बसायचं. उठायचं नाही. पाणी लागलं तर मले सांग." आजूबाजूला सगळे पुरुष. ते माझ्याकडे आशेने पाहत होते. एवढ्या आशेने माझ्याकडे ना माझ्या शिक्षकांनी कधी पाहिलं होतं, ना नवऱ्याने.

आणि संघ तो सामनाही जिंकला.

झालं. तेव्हापासून तीच खुर्ची, तीच जागा, तोंड त्याच बाजूला आणि साडी तीच. ती साडी धुवायची की नाही यावर मामाजींचा काही वेगळा विचार होता, पण सासूबाईंनी तो हाणून पाडला. त्या स्वभावाने खवचट आणि मनाने मोकळ्या. मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "मी या घरात आली तवा ही टीमच नव्हती, म्हणून वाचली. माह्या पायगुणानं यायले काय भेटलं त प्लांटच्या राखेच्या बाजूचं क्वार्टर."

संघ जिंकत गेला. खरं कारण मला पुढे कळलं. माझं लग्न झालं त्याच सुमाराला वीज केंद्रात शिकाऊ म्हणून दोन तगडे पोट्टे वसाहतीत राहायला आले होते. एकाची पकड अशी की सापडलेला माणूस उचलूनच बाहेर न्यावा लागे. पण पोट्ट्यांचं श्रेय पोट्ट्यांनाच देणं ही फार साधी गोष्ट झाली. अख्ख्या वसाहतीने ते मला देऊन टाकलं. भाजीच्या गाडीवर बायका मला आधी भाजी निवडू द्यायच्या. कोळशाच्या ट्रकवाल्यांनाही ठाऊक होतं की ही ती सून.

एकदा मला ताप आला. सामन्याआधी संघाचा कप्तान घरी आला, चप्पल काढून अदबीने म्हणाला, "वहिनी, तुम्ही फक्त बसा. बाकीचं आम्ही पाहून घेतो." ब्लँकेट पांघरून बसले मी. नंतर पोटुशी राहिले तेव्हा मामाजी मोठ्या काळजीने दवाखान्यात सोबत आले आणि डॉक्टरीणबाईंना त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की कामठीच्या फायनलला हिला जीपमधून नेलं तर चालेल का. बाळाचा प्रश्न दुसरा होता. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. फायनल हरलो. यावरून तर लोकांची खात्रीच पटली.

सुरुवातीला मी मैदानावर मटार घेऊन जायची. मांडीवर परात ठेवून सोलत बसायचं, लोक ओरडले की वर पाहायचं, गप्प झाले की पुन्हा मटार. मग कधी तरी माझ्या लक्षात आलं की शेंगा तशाच राहताहेत. संघात एक बारका, काळासावळा चढाईवाला होता. समोरच्यांच्या अंगणात तो असा शिरायचा, जसं कुणाचं घर शोधत आला आहे आणि चुकून भलत्याच दारात उभा आहे. समोरचे जरा सैल पडले की याचा पाय विजेसारखा जायचा, एकाला लागायचा, आणि हा पुन्हा मध्यरेषेपाशी निरागस. मी त्याचे पाय पाहायला लागले. मग पकडणाऱ्यांचे हात. कोपऱ्यातला गडी किती वेळ थांबतो आणि नेमका कधी घोट्यावर झडप घालतो, हे मला आधीच कळायला लागलं. घरी पोळ्या लाटताना मी मनातल्या मनात पकडी लावायची. मला कबड्डी आवडायला लागली होती, अगदी वेड लागल्यासारखी.

हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. देवघरातल्या मूर्तीला कुणी विचारतं का, की बाई, आरती आवडली का? मी खुर्चीत गप्प बसायची, कारण शुभ माणसाने ओरडायचं नसतं असा एक नियम आपोआप तयार झाला होता. आत माझा जीव वरखाली होत असायचा आणि वरून मी शांत, मोरपंखी.

मग दिवस फिरले. मातीच्या जागी मॅट आली. मातीत वाढलेल्या आमच्या पोट्ट्यांचे पाय मॅटवर आधी घसरले, मग बूट घालून अडखळले. नागपुरातल्या संघांना पगारी प्रशिक्षक आले. आमचा पकडवाला पोलिसात गेला, दुसरा पुण्याला. जुने लोक निवृत्त होऊन नागपुरात मनीषनगरला फ्लॅट घेऊन राहायला गेले आणि संध्याकाळी मैदानाभोवती खुर्च्याच जास्त, माणसं कमी दिसायला लागली. आमचा बारका चढाईवाला तेवढा राहिला, आणि त्याच्याही पोटाने हळूहळू बारकेपण सोडलं.

संघ हरायला लागला. पहिल्यांदा लोकांनी मॅटला दोष दिला, मग पंचांना, मग हवेतल्या राखेला. ही तिन्ही कारणं संपल्यावर लोक माझ्याकडे पाहायला लागले. तोंडावर कुणी काही बोललं नाही. भाजीच्या गाडीवर मात्र आधी निवडायचा मान गेला. मला ते फारसं लागलं नाही, कारण आमच्या गाडीवरची भाजी आधी निवडली तरी तशीच असते.

लागलं ते पुढचं. पलीकडच्या रांगेतल्या क्वार्टरमध्ये नवी सून आली. ती आली त्या आठवड्यात संघ चुकून एक सामना जिंकला. दोनच दिवसांनी मामाजी व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसले. ते मायाळू माणूस आहेत. त्यांना ते बोलायला जड जात होतं. चष्मा पुसून पुसून अखेरीस म्हणाले, "बाई, तुले लई वर्षं तरास दिला. आता तू आराम कर. त्या नव्या सूनबाईले सांगितलं आहे मी."

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार? नवरा खूश झाला, म्हणाला, "सुटलीस तू." त्याच्यावर मी अशी भडकले की त्याने ताट उचललं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन जेवला. त्याला बिचाऱ्याला काही कळेना. मला बसवत होते तेव्हाही मी चिडायची, आणि आता उठवलं तरी चिडले. पण मला फार वाईट वाटलं होतं. बाईमाणसाने एकटीने उठून कबड्डी पाहायला जावं, असं आमच्या वसाहतीत कुणी पाहिलेलं नव्हतं. मला मैदानावर जायला कारण होतं ते पायगुणाचं. ते गेलं म्हणजे मैदानही गेलं.

पुढचा सामना मी घरी बसून ऐकला. मैदान आमच्या क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावर. ओरडण्यावरून कुणाची चढाई चालू आहे ते मला कळत होतं. आपल्या माणसाला पकडल्यावर लोक जसे एकदम गप्प होतात, तशी शांतता पुन्हा पुन्हा येत होती. कणीक तिंबताना मी ती इतकी तिंबली की सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, तिनं काय केलं तुले?"

त्याच्या पुढच्या सामन्याला समोर कळमन्याचा संघ होता. ही बाजारात पोती उचलणारी माणसं, एकेकाचे खांदे दरवाजाएवढे. दुपारपासून माझं कशात लक्ष लागेना. शेवटी सासूबाईंनीच माझ्या हातातला झारा काढून घेतला. म्हणाल्या, "जा बाप्पा. पुऱ्या जाळून राहिली तू."

मी घरातल्याच साडीवर गेले. खुर्चीकडे नाही गेले. पलीकडच्या बाजूला पंपघराच्या पायऱ्या आहेत, तिथे बसले. माझ्या खुर्चीत ती नवी सून बसली होती, नव्या साडीत अवघडून, हातात मोबाइल धरून. मामाजी तिच्या मागे उभे. आमचा संघ मागे पडला होता, नेहमीसारखाच. पण आमचे पाच गडी मैदानात असताना कळमन्याच्या चढाईवाल्याने बोनसच्या रेषेपलीकडे पाय टाकला आणि पंचाने त्याला गुण दिला.

आता समोर सहा गडी असल्याशिवाय बोनस मिळत नाही. हे साऱ्या मैदानाला ठाऊक असायला हवं होतं, पण सगळे ढिम्म. माझं डोकं सणकलं. मी पायरीवर उभी राहिले आणि ओरडले, "पाच जणं आहेत. बोनस कसा देऊन राहिले तुम्ही?"

मैदान शांत झालं. इतक्या वर्षांत तिथे माझा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. मामाजी चष्मा वर करून सगळीकडे पाहत होते, की ही कोण. पंचाने गडी मोजले, पुन्हा मोजले, आणि गुण मागे घेतला.

मामाजी मैदानाला वळसा घालून माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"तू काहून आली?"

"मॅच पाहायले आली."

"अन् बोनसचं तुले कोणी सांगितलं?"

"कोण सांगते? इतकी वर्षं खुर्चीत बसवून ठेवलं तुम्ही मले. डोळे नव्हते बांधले."

खिशातून रुमाल काढून त्यांनी माझ्या शेजारची पायरी झटकली आणि बसले. समोरची एक चढाई डोळे बारीक करून पाहिली. मग एकदम म्हणाले, "आपला डावा कोपरा लवकर झेपावते ना?"

"लई लवकर," मी म्हणाले. "चढाईवाल्याचा घोटा हवेत असताना झेपावते. जमिनीवर टेकू द्या ना त्याले."

"तेच मी म्हणतो," मामाजी म्हणाले, आणि सरकून जरा जवळ बसले. मग आम्ही दोघंही सामना संपेपर्यंत बडबडत होतो. कोण थकलं, कुणाला बसवायला हवं होतं, पकड कुठे सुटली. त्यांच्या घरात त्यांच्याशी कबड्डी बोलणारं कुणी नव्हतं. बायकोला कंटाळा, मुलाला राग. आणि मी इतकी वर्षं त्यांच्या हाताच्या अंतरावर बसून होते, मोरपंखी साडीत गप्प.

सामना आम्ही दणकून हरलो. अख्खा संघ बाद होऊन एक लोणसुद्धा चढला. नव्या सुनेला मीच जाऊन सांगितलं की ऊठ बाई आता, संपलं. तिने कंबर धरून विचारलं की पुढच्या वेळी पण असंच बसायचं का. मी म्हटलं, तुला वाटलं तर.

घरी परतताना मामाजी माझ्यापुढे दोन पावलं चालत होते, नेहमीसारखे. फाटकाशी थांबले. कडी काढता काढता माझ्याकडे न पाहता म्हणाले, "रविवारी अजून एक मॅच आहे. येशील का?"

एरवी ते मला नेत असत. विचारलं नव्हतं त्यांनी कधी.

"समोर कोण आहे?" मी विचारलं.

"कामठीवाले."

"मंग त हारतोच आपण."

"हारतोच," मामाजी म्हणाले. "साडेपाचले निघू. पायरीवर जागा भेटत नाही नंतर."