नऊवाली आत्या

माझ्या आत्याला सगळं रुग्णालय ‘नऊवाली’ म्हणतं. संख्या कितीही लांबलचक असो, ती आकड्यांची बेरीज करते, मग त्या बेरजेची बेरीज, एकच आकडा उरेपर्यंत. वाटेत नऊ आला की सरळ सोडून देते. “नऊ म्हणजे घरचा माणूस गं. आला काय, गेला काय, शेवटी उरायचं तेच उरतं.” तिकिटं, गाड्यांच्या पाट्या, काही म्हणता काही सुटत नाही तिच्या तावडीतून. ती रक्तपेढीत कामाला आहे. पिशवीवरचा क्रमांक कागदाशी एकेक आकडा वाचून जुळवायचा, असा तिथला नियम. आत्या मात्र दोन्हीकडची बेरीज करून मोकळी होते. भारी मिजास तिला या युक्तीची.

त्या दुपारी बाबांचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना रक्त हवं होतं. आत्यानं भावासाठी स्वतःच्या हातानं पिशवी काढून वर पाठवली आणि माझ्याकडे वळली.

“तुझा नवा नंबर लागत नाही. कुणीतरी बाई खेकसली माझ्यावर.”

मी तिचा फोन पाहिला. “शेवटचे दोन आकडे उलटे घातलेस.”

“शक्यच नाही. बेरीज करून पाहिली मी.”

“आत्या, आकड्यांनी जागा बदलल्या म्हणून बेरीज थोडीच बदलते?” मी हसत म्हणाले.

ती हसली नाही. तिनं बाबांचा कागद ओढला. ५८२१३७४९. नऊ सोडून बेरीज तीस, म्हणजे तीन. तिनं फ्रीज उघडला. त्याच क्रमांकाची पिशवी आत तशीच होती.

“मग वर कुठली गेली?” मी विचारलं. तिनं आतल्या पिशव्या भराभर यादीशी ताडून पाहिल्या.

“शेजारची. ५८२१७३४९. तिचीही बेरीज तीनच.” तिनं वरच्या मजल्यावर फोन लावला. “ती दुसऱ्याच रोग्याच्या रक्ताशी जुळवलीय. दादाला चढली तर...”

वरचा फोन कुणी उचलेना. आत्यानं खरी पिशवी छातीशी धरली आणि जिन्याकडे धावली. मी मागोमाग. बाबा बोलतील का माझ्याशी पुन्हा, एवढंच डोक्यात घुमत होतं.

पिशवी बाबांच्या उशाशी टांगलेली दिसली आणि आत्यानं दाराची चौकटच धरली.

एक सिस्टर कागदावर बोट ठेवून वाचत होती, दुसरी पिशवी बघून उत्तर देत होती.

“दोन.”

“दोन.”

“एक.”

“एक.”

“तीन.”

दुसरी थांबली. “इथं सात आहे.”

नळी अजून जोडलेली नव्हती. आत्या तिथंच जमिनीवर बसली. बाबांनी डोळे किलकिले केले. “काय गं नऊवाली, बेरीज चुकली वाटतं?”

“नाही दादा,” ती हुंदका आवरत म्हणाली. “बेरीज बरोबर होती.”

मग उठून तिनं खरी पिशवी सिस्टरपुढे धरली, पाचावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागली.