हाताला मुंग्या येतात का?

ह्यांना काही विचारलं की उत्तर मी द्यायचं, अशी आमच्याकडे सवयच. पोलादपूरहून महाबळेश्वरला जीप नेताना प्रवाशांशी अखंड बडबड, आणि घरी आले की तोंडाला कुलूप!

मणक्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या दवाखान्यात, भुलीच्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "पाच-सहा तास पालथं झोपवणार, हात डोक्याच्या बाजूला वर ठेवून. एरवी हात वर धरले की मुंग्या येतात का?"

हे माझ्याकडे बघायला लागले. जीपच्या टपावर सामान चढवताना ह्यांचा डावा हात मुंग्या येऊन बधिर व्हायचा, मग खाली उतरून झटकत बसायचे. "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" अशी मी चेष्टा करायचे. पण रक्तदाबापायी ऑपरेशन आधीच एकदा पुढे ढकललेलं. पाय ओढत चालणारा माणूस पुन्हा तसाच घरी न्यायचा? माझ्या जिवावर आलं.

"छे हो, काय नाय होत त्यांना."

बाईंनी कागदावर खूण केली.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही पाय हलले. मी देवाला हात जोडले. तेवढ्यात हे हळूच म्हणाले, "गो, माझा डावा हात कुठं हाय?"

हात पांघरुणावरच होता. मी उचलून सोडला, तर धपकन पडला.

ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, हात तासन् तास ताणलेला राहून खांद्याजवळच्या नसा दुखावल्यात. क्वचित होतं असं, बहुतेकदा काही महिन्यांत सुधारतं. क्वचित म्हणे! मी मेली तो हात चोळत बसले.

चार महिने झाले. जीपचा गिअर डाव्या हाताने टाकायचा. हे रोज अंगणातल्या जीपमध्ये बसून गिअरच्या मुठीवर बोटं ठेवतात आणि बोटं घसरतात. तरी परवा जीप धुतली, टायरात हवा भरली. सोमवारपासून प्रवासी घेऊन घाटात जाणार म्हणे.

काल तेच डॉक्टर महाडला तपासायला आले होते. "पकड आली का?"

"आली," म्हणून ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नाय आली डॉक्टर," मी म्हटलं. "आणि मुंग्या आधीपासून यायच्या. मीच तेव्हा नाय म्हटलं."

डॉक्टर लिहायचे थांबले. ह्यांनी उजव्या हाताने डावा हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतला.

"माझं तोंड काय शिवलेलं नव्हतं गो तेव्हा," एवढंच म्हणाले.

घरी येताना मी जीपची चावी मागितली. अजून दिलेली नाही. उद्या सोमवार.